हलकं पाणी

मुकुंदनं वडिलांसाठी महागाचं ‘हलकं पाणी’ मागवलं होतं. त्यातला जड हायड्रोजन काढलेला असतो, त्यानं शुगर उतरते, असं कोणीतरी त्याच्या डोक्यात भरवलेलं. त्या भरवशावर त्यानं म्हाताऱ्याचं इन्सुलिन परस्पर निम्म्यावर आणलं.

आज मामाजी संत्र्याच्या बगीच्यातून आले, तशी मुकुंदच्या बायकोनं, नलिनीनं सासऱ्यांचं बोट टोचलं. मशीनवर चारशे बारा.

“आग लागो त्या पाण्याले!” म्हणत तिनं इन्सुलिनचा जुना, पूर्ण डोस दिला.

थोड्या वेळात मामाजींचा सदरा घामानं भिजला. हात थरथरू लागले.

“मामाजी, बगीच्यात काय खाल्लं तुमी?”

“काहीच नाही बेटा. व्यापाऱ्याले माल दाखवाले चार-दोन संत्री सोलली, बस.”

“मंग हात नाही धुतले?”

“जवळ थे बाटलीच होती. एवढं महागाचं पाणी हातावर कोन सांडते?”

नलिनीनं टोचलेलं बोट नाकाशी नेलं. संत्र्याचा वास आला. मशीननं बोटावरच्या रसाचीच साखर मोजली होती.

तिनं उरलेली बाटली त्यांच्या हातांवर ओतली, बोटं पुसली, दुसरं बोट टोचलं. अठ्ठेचाळीस. आणि इन्सुलिनचा जोर तर अजून चढत होता.

मामाजींनी बगीच्यातून आणलेल्या पिशवीतलं एक संत्रं तिनं दातांनीच सोललं, फोड त्यांच्या ओठांशी धरली.

“आ करा, मामाजी. फक्त रस चोखा... मामाजी?”