खळीतलं मीठ

सूत आज पुन्हा तुटलं आणि कासाबाईच्या जिवाला गार वाटलं.

मल्हारी मागावरून उठला नाही. तुटकी टोकं तोंडात ओली करून त्यानं पीळ दिला आणि धोटा पुन्हा चालू केला.

घोंगडीच्या सुताला पाजायची डिंकाची खळ कासाबाई करायची. गोड पाण्यात डिंकाचे न दिसणारे धागे एकमेकांना ढकलत लांबच लांब पसरतात, म्हणून खळ दाट होते आणि लोकर धरून ठेवते. मीठ पडलं की तेच धागे काडी लागलेल्या वाणी किड्यासारखे अंग गुंडाळून बसतात. मग खळ कसली, नुसतं पाणी. कासाबाईला यातलं धाग्याबिग्याचं काही ठाऊक नव्हतं. मूठभर मिठानं सूत कच्चं राहतं, एवढं तिला पुरे होतं. मेंढरांना चाटायच्या मिठाचं गाडगं कोपऱ्यात होतंच.

उमाजी तिचा नवरा, मल्हारीचा चुलतभाऊ. रझाकारांच्या साली तो कडब्याच्या गंजीत लपला होता. मल्हारीनं रझाकारांचा मार खाल्ला, शेवटी गंजीकडं बोट केलं आणि कासाबाईचं कुंकू गेलं. पुढं त्याच मल्हारीनं तिला कामावर ठेवलं. चोराच्या हाती किल्ल्या दिल्या म्हणायच्या! याला भिकेला लावल्याशिवाय मरायचं नाही, असं तिनं तेव्हाच ठरवलं.

सोनपेठच्या बाजारातून घोंगड्या परत यायला लागल्या. शेजारचा सटवाजी म्हणाला, विहीर मचूळ झाली असेल, गोदावरीचं पाणी आणून बघ. मल्हारीनं ते कानाआड केलं. आधी त्याची मेंढरं गेली, मग बायकोच्या पाटल्या. कासाबाईची मूठ काही आवरली नाही.

शेवटी मागही विकला गेला. माग नेणारी गाडी नजरेआड झाली तशी ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. त्याचा चेहरा पडलेला तिला डोळे भरून बघायचा होता.

"खळीत मीठ मी टाकत व्हते. तुजं वाटोळं म्या केलं."

मल्हारी मागाच्या रिकाम्या खड्ड्याकडं बघत होता.

"ठावं हाय. तुटलं सूत तोंडात धरतो मी. पयल्याच दिशी खारट लागलं."

कासाबाई एक पाऊल मागं सरकली.

"मेंढरं इकून दोन वर्सं झाली, वयनी," तो म्हणाला. "मंग गाडग्यात मीठ कोण भरीत व्हतं?"