एकतीस जुलै

"तारखेचा रकाना रिकामा ठेवता येत नाही, सर," मनिष म्हणाला.

वासुदेवरावांनी चष्मा पुसून पुन्हा पडद्याकडे पाहिलं. लाखनीच्या अभ्यासकेंद्रातले सगळे ऑनलाइन अभ्यासक्रम विद्यापीठाच्या नव्या प्रणालीवर न्यायचे होते, आणि त्यासाठी विद्यापीठाचा मनिष कालपासून इथे ठाण मांडून होता. धडे गेले, चित्रफिती गेल्या, प्रश्नसंच गेले. वासुदेवरावांचं ग्रामीण समाजशास्त्र तेवढं अडून बसलं होतं. जुन्या प्रणालीत त्यांनी स्वाध्याय पाठवायची शेवटची तारीख कधी टाकलीच नव्हती. धानाचा रोवणा सरला, हात मोकळे झाले, की गावोगावची मुलं-बाया उत्तरं पाठवत. वरून कोणी विचारलं नाही, त्यांनीही कोणाला सांगितलं नाही.

"ऑगस्टअखेर टाकून पाहा."

मनिषने टाकली. रकाना लाल झाला. "सत्र एकतीस जुलैले संपते, सर. त्याच्या पुढची तारीख हे घेतच नाही."

जुलैचा तिसरा आठवडा चालू होता. बाकी सगळ्यांची उत्तरं आली होती. राहिली होती एकोडीची कुंताबाई. गावात आरोग्याचं काम करणारी आशाताई. पदवी मिळाली तर तिला गटप्रवर्तक होता येणार होतं, आणि पदवीला हा एकच विषय उरला होता. नोंदणीचं हे शेवटचं वर्ष. यंदा हुकलं तर पुन्हा पहिल्यापासून.

"काही उपाय?"

"आहे ना. विद्यार्थिनीला जमत नाही असं तुम्ही लिहून द्या, पाचच्या आत. या विषयापुरतं जुनं आणखी महिनाभर चालू ठेवतील. पण आमचे मोठे साहेब तुमाले फोन करतील, बरं. एका बाईसाठी सगळं काहून थांबवून राहिले म्हणतील. बोलाल ना?"

वासुदेवरावांनी समोरचे कागद उगीच सारखे केले. निवृत्तीनंतर त्यांना इथे तासिकेवर ठेवलं होतं, पण भीती त्याची नव्हती. चढ्या आवाजाच्या माणसापुढे त्यांना आपलंच म्हणणं खोटं वाटू लागे.

"आधी तिलाच विचारतो," ते म्हणाले.

फोन बराच वेळ वाजला.

"कोन जी?"

"कुंताबाई, मी लाखनीहून. वासुदेव सर."

"अगा माय, सर! थांबा जी, हात चिखलाचे हायेत. ए रुपा, कानाले धर वो माया. नीट धर, पाडशीन. हं, बोला जी."

"रोवणा कुठवर आला?"

"कायचा येते जी! वावराच्या अर्ध्या बांध्या तशाच पडल्या. पाटाचं पानी आमच्याकडं साऱ्या गावाच्या मांगून येते. आज भेटलं, म्हून साऱ्या बाया माया वावरात आल्या. उद्यापासून मले त्याइच्या वावरात जा लागते. पाळीच हाय ना तशी."

"आणि स्वाध्याय?"

"एक लिवला. चार हायेत अजून. संद्याकाळी बोटं कलम धरत नाही जी. लिवतो म्हनून बसतो अन पुस्तकावरच झोपतो."

वासुदेवरावांनी मनिषकडे पाहिलं. मनिषने घड्याळाकडे पाहिलं.

"तसं नाही," वासुदेवराव म्हणाले, "म्हणजे... एकतीस जुलैपर्यंत तर होऊन जाईल ना तुमचं? होईल, नाही का?"

प्रश्नात उत्तर आधीच घालून ठेवलं होतं. हे त्यांना बोलता बोलताच कळलं.



"तुमाले काही तरास होऊन राहिला का जी, सर?"

"छे, छे. इथे एक तारीख टाकावी लागते, एवढंच."

"मंग टाका ना. होते."

"नक्की?"

"टाका जी, बिनघोर. चाय प्याले का तुमी?"

"हो, हो. घेतला," वासुदेवराव म्हणाले. त्यांनी घेतला नव्हता. मग मनिषकडे वळून म्हणाले, "होतं म्हणते."

मनिषने आकडे दाबले. रकाना हिरवा झाला, आणि पूर्ण अभ्यासक्रम घसरत नव्या जागी जाऊन बसला.

"घ्या! इतकंसं काम होतं. तुम्ही उगीच टेन्शन घेऊन राहिले होते." तो तारा गुंडाळू लागला. "तो कागद अजूनही देता येते म्हणा, पाचले अवकाश आहे. पण आता काय गरज?"

 फोन अजून वासुदेवरावांच्या कानाशी होता. तिकडून तो बंदच झाला नव्हता. चिखलाच्या हातांना ते जमलं नसावं. रुपाने तसाच धुऱ्यावर, वावराच्या कडेला, ठेवून दिला होता.

"काय म्हने वो तुवा मास्तर?" रुपा विचारत होती.

"तारीख मांगत होता."

"मंग?"

"देऊन टाकली. लई कुचमत होता बिचारा, बोलताच येत नव्हतं त्याले."

"अन तुई परीक्षा?"

"तू रोव ना माय. पानी हाय तवरिक रोव."

कोणीतरी हसलं. कोणीतरी परह्याच्या रोपांची जुडी फेकली, ती पाण्यात पडल्याचा आवाज आला.

"सर, फोन चालूच आहे तुमचा," मनिष म्हणाला.

रोवणाऱ्या बाया मागे मागे सरकत जातात. धुऱ्यापासून त्यांचे आवाज दूर दूर होत गेले. मग बोलणं कळेनासं झालं. चिखलातून उपसणारे पाय तेवढे ऐकू येत राहिले. वासुदेवरावांनी फोन कानाला आणखी घट्ट धरला.