धाकटीचे हात

"हे कशानं सोलवटलंय?" थोरलीचा उजवा हात दिव्याखाली धरून त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मुठीच्या हाडांवरची साल निघाली होती.

"दाराला लागलं."

"आधी हे भरून येऊ दे. मग डाग आणि खरखर लेझरनं काढू आणि सुया देऊन शिरांवरची कातडी भरून काढू. तोवर हात जपायचे. जोर लावायचा नाही."

"बरं."

"घरात कार्य आहे का कुणाचं?"

"माझंच राहिलंय," थोरली म्हणाली. तिची साठी उलटली होती. दोघी हसल्या.

खरं कारण चारचौघांत सांगण्याजोगं नव्हतं. आईची नजर कधीच गेली होती, आता आठवणही विरत चालली होती. धाकटी तापाचं निमित्त होऊन गेली, हे सांगून सांगून थोरलीची जीभ झिजली. तरी सकाळ झाली की आईचं पालुपद सुरू. "धाकटी कुठंय? तिला बोलव ना."

भरवायची थोरली, न्हाऊ घालायची थोरली, ओलं अंथरूण बदलायची तीच. पण जवळ बसून तिनं हात हातात घेतला, की आई तो झटकन ओढून पांघरुणाखाली न्यायची.

"खरखरीत लागतात ना माझे?" थोरली विचारायची.

आई भिंतीकडे तोंड फिरवायची.

धाकटीचे हात लोण्यासारखे मऊ होते. आवाज मात्र दोघींचा अगदी एक. फोनवर सख्ख्या मामाचीही फसगत व्हायची. त्यावरूनच थोरलीच्या मनानं घेतलं. धाकटी समजून का होईना, आईनं एकदा आपला हात धरावा.

जखम भरेपर्यंतचे दिवस तिनं स्वतःला फार आवरून काढले. आईच्या हातून दूध सांडलं, मध्येच चादर खराब झाली, तरी ती ओठ दाबून खिडकीशी जाऊन उभी राहायची.

मग लेझर झालं, सुया झाल्या. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. सूज उतरली तेव्हा मात्र ती कितीतरी वेळ आपल्याच हातांकडे परक्यासारखी बघत बसली. डाग नाहीत, शिरा नाहीत, खरखर नाही.

संध्याकाळी ती आईच्या खाटेच्या कडेवर टेकली. धाकटीसारखं लाडात येऊन म्हणाली, "आई, आले गं मी."

तिनं हात पुढे केला. आईची बोटं चाचपडत आली, मनगटापासून नखांपर्यंत फिरली आणि थबकली. मग आईनं तो हात दोन्ही हातांनी घट्ट छातीशी धरला.

थोरलीला हुंदका आवरेना.

"रडू नको, बाळा," आई कुजबुजली. "आधी ते दार लाव. ताईनं ऐकलं, तर ती मला पुन्हा मारेल."