एका पानाचा एकच जोड

'एकासारखं दुसरं नाही', अशी पाटी तिच्या टेबलावर असायची. खरं पान तांब्याच्या पत्र्यावर दाबून ती कानातली घडवायची. एका पानाचा एकच जोड.

बाजारात आलेल्या एका काकांनी मोबाइलवर कानातल्याचा फोटो दाखवला. "हे तुमच्याकडचंच ना?"

तिची कळी खुलली. "माझंच. किडीनं पाडलेलं हे भोक दिसतंय? असं पान पुन्हा मिळायचं नाही, काका."

काका पाटीकडे बघत राहिले.

"माझ्या मुलीनं घेतलं होतं. पोलिसांना नदीत एक मुलगी सापडलीय, तिच्या कानात हे आहे. चेहऱ्यावरून काही कळत नाही म्हणतात." त्यांनी मोबाइल पुन्हा तिच्यापुढे धरला. "असा जोड आणखी कुणाला दिला असशील ना, पोरी?"

तिनं पाटी पालथी घातली.

"ढीगभर विकलेत, काका."