लाल रेघा

त्याने शिडी हॉलच्या मधोमध उभी केली, खिशातून लाल पेन्सिल काढली आणि पांढऱ्याशुभ्र भिंतीवर सरळ रेघ ओढली.

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या तिच्या काळजात चर्र झालं. पंधराच दिवसांपूर्वी तिने या भिंती स्वतः रंगवल्या होत्या. पोपडे खरवडले, भेगांत लांबीची पुट्टी भरून सगळं घासून सपाट केलं, वर रंगाचे दोन हात मारले. रक्ततपासणीच्या लॅबमधून दमून घरी आल्यावर रोज एक भिंत. बारा वर्षांचा संसार तिने त्या रंगाखाली पुरून टाकला होता.

"बघितलंस?" दादा तिच्या कानाशी पुटपुटला. "म्हणूनच मी आज रजा काढून आलो. वायरमन माणूस, जाता जाता दिव्यांची बटणंसुद्धा उचकटून नेईल."

गेल्या वर्षापर्यंत दादा त्याला भाऊजी म्हणत असे.

दादाच्या हातात वकिलांनी करून दिलेली यादी होती. घर तिचं. दुकान आणि गाडी त्याची. कपाट तिचं, वॉशिंग मशीन त्याचं. या यादीवरून दोघं सहा महिने भांडत होती. एका मिक्सरपायी कोर्टाच्या तीन तारखा गेल्या, आणि शेवटी तो मिक्सर कुणालाच नको झाला. सकाळपासून त्याच्या वाटणीचं सामान टेम्पोत चढलं होतं. आता शिडी तेवढी राहिली होती, आणि तो.

तो हलायला तयार नव्हता. बटणांच्या बोर्डापासून छतापर्यंत एक रेघ. तिथून आडवी, पंख्याच्या दिशेने. मध्येच थांबायचा, डोळे मिटून काहीतरी आठवायचा, भिंतीवर टिचकी मारायचा आणि पुन्हा रेघ ओढायचा. हॉल झाला, स्वयंपाकघर झालं.

तिच्या डोक्यात तिडीक गेली. लोकांच्या घरी एका फोनसरशी धावणारा हा माणूस. स्वतःच्या न्हाणीघरातला दिवा मात्र तीन महिने बंद. विचारलं की उत्तर ठरलेलं, "उद्या बघतो." त्या 'उद्या'ची वाट पाहून पाहूनच ती थकली होती. आणि आज, घर विद्रूप करायला याला बरा वेळ मिळाला!

"भिंतीही मापून नेणार वाटतं," दादा मुद्दाम मोठ्याने म्हणाला.

त्याचे कान लाल झाले. तो शिडी उचलून झोपायच्या खोलीत गेला.

ती तरातरा मागे गेली. पलंगाच्या उशाशी असलेल्या भिंतीवर पेन्सिल टेकणार, तोच तिने त्याचं मनगट धरलं.

"पुरे! घर माझ्या वाट्याला आलं ते खुपतंय ना तुला? मग सूड उगवायचा तर माझ्यावर उगव. या भिंतींनी तुझं काय घोडं मारलंय?"

त्याने पेन्सिलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"सूड?" तो शिडीची पायरी उतरला. "अगं, या घरातल्या वायरी मी भिंती कोरून आत घातल्यात. कुठून कुठे गेल्यात ते मला एकट्यालाच ठाऊक. आधी प्लॅस्टरच्या उंचवट्यांवरून अंदाज तरी यायचा. तू लांबी भरून सगळं गुळगुळीत केलंस. आता वरून काही कळत नाही."

मागे दादाने यादीची घडी घातली. तिची बोटं अजून त्याच्या मनगटावर होती.

"भिंतीवर काही लावायचं झालं की मला हाक मारायचीस, 'इथे ठोकू का रे?' म्हणून," तो खाली बघत म्हणाला. "आता हाकेला मी नसणार. रेघेवर खिळा ठोकू नकोस, एवढंच."