हॅडवेल टेक बंद झालं त्या दिवशी

काचेच्या दाराला आतून साखळी घालून कुलूप ठोकलेलं होतं. म्हातारा वॉचमन ग्रेडी पलीकडून हात हलवून "घरी जा, घरी जा" अशा खुणा करत होता. बाहेर पार्किंगमध्ये दीडशे पोरंपोरी जमली होती. कुणाच्या अंगावर वेल्डिंगचं जाड जाकीट, कुणाच्या अंगावर नर्सिंगचा निळा गणवेश. पहाटे पाचला सगळ्यांच्या फोनवर एकच निरोप आला होता : हॅडवेल टेक आजपासून बंद. ऐंशीच्या ऐंशी शाखा.

डेरेक हुडाक दाराशी सगळ्यात पुढे होता. त्याचा वेल्डिंगचा कोर्स संपायला अकरा आठवडे उरले होते.

रॉइस हॅडवेलने हे धंदेशिक्षणाचं कॉलेज सुरू केलं ते गालिच्यांच्या दुकानावरच्या एका खोलीत, दोन वेल्डिंग मशिनांवर. पंधरा वर्षांत तो अठरा राज्यांत पसरला. यंग्सटाउनमधल्या पोलाद कारखान्यांची धुराडी पाडली गेली, त्याच रस्त्यावर त्याचे फलक उभे राहिले. बाह्या सरसावून हसणारा हॅडवेल. त्याची माणसं बेकार पोरांना दिवसातून सहा-सहा फोन करायची. शंभरातल्या नव्वदांना नोकरी लागते म्हणायची. डेरेकचा बाप कारखाना बंद पडल्यापासून खुर्चीत बसून होता. डेरेकने कर्जाच्या कागदावर सही केली. वर्गात मशिनं बारा, त्यातली चालू तीन. तरी तो एक दिवस चुकला नाही. मग नव्वदाचा आकडा खोटा निघाला, सरकारने फीच्या कर्जाचा पैसा थांबवला, आणि आता हे कुलूप.

"शुक्रवारी माझी परीक्षा होती," शेजारची शनीस म्हणाली. "पोरीला काय सांगू? आई अर्धी नर्स झाली म्हणून?"



"बघत काय बसलात?" मागून आवाज आला. लाल दाढीचा, टोपी डोळ्यांवर ओढलेला एक उंच माणूस पुढे आला. "मी केनी. क्लीव्हलँडच्या शाखेतला. तिकडेही हेच. आपण इथे मेंढरांसारखे उभे, आणि तो हॅडवेल फ्लोरिडात गोल्फ खेळतोय. पोरांनो, हे दार कोणाच्या पैशाचं आहे?"

"आमच्या!" कोणीतरी ओरडलं.

"मग फोडायला परवानगी कोणाची घेताय?"

पहिला दगड कोणी मारला ते शेवटपर्यंत कळलं नाही. काच कोसळली आणि दीडशे माणसं आत घुसली. वर्गातले फळे भिंतीवरून उखडले गेले, संगणक जिन्यावरून खाली आले. एका पोराचा तळहात काचेने उभा फाटला, तरी तो त्याच हाताने खुर्च्या फेकत होता. डेरेकच्या हातात कार्यशाळेतली लोखंडी सळई होती. दोन वर्षांचा राग हातात उतरला होता, आणि त्याला बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं.

"हे काय फोडताय? खेळणी!" केनीने त्याचा दंड धरला. त्याच्या दुसऱ्या हातात पेट्रोलचा डबा होता. "ऑफिसच्या मागच्या खोलीत चल. हॅडवेलचा जीव तिथे आहे."

त्या खोलीच्या दारात ग्रेडी उभा होता. कपाळावरून रक्त ओघळत होतं. रोज सकाळी डेरेकला "काय रे लोहारा, झोप झाली का?" म्हणणारा ग्रेडी.

"ही खोली नको, डेरेक. बाकी सगळं मोड. ही नको."

"बाजूला व्हा, मिस्टर ग्रेडी."

"पोरा, ऐक माझं..."

"अजून मालकाचीच चाकरी करतोय बघ थेरडा!" केनी ओरडला.

म्हाताऱ्याने डेरेकची कॉलर धरली. डेरेकने सळई हाणली. ओलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. ग्रेडी भिंतीला घासत खाली बसला आणि तसाच राहिला.

केनीने त्याला ओलांडून आत पेट्रोल ओतलं. आग भसकन छतापर्यंत गेली. डेरेक परत फिरून ग्रेडीला ओढू लागला, पण धुराने तोच कोसळला. त्यानंतरचं एवढंच आठवत होतं : कोणीतरी मानगूट धरून त्याला फरफटत उन्हात आणलं, गालावर दोन चापट्या मारल्या आणि म्हटलं, "श्वास घे, गाढवा." तो केनी होता. मग तो गर्दीत नाहीसा झाला.

ग्रेडीला आगीच्या बंबवाल्यांनी बाहेर काढलं. आठव्या दिवशी तो गेला.

नवव्या दिवशी तपास अधिकारी मॅरियन रोझेटी तुरुंगात डेरेकसमोर बसली होती.

"त्या खोलीत काय होतं, माहीत आहे?" तिने विचारलं. "फोनवर तुम्हाला काय काय सांगितलं त्याची रेकॉर्डिंग्ज. खऱ्या हजेऱ्या. मालकाने नष्ट करायला सांगितलेले कागद. ग्रेडीने ते लपवून ठेवले आणि आम्हाला फोन केला. दुपारी आम्ही न्यायला येणार होतो. तुम्हा सगळ्यांची कर्जं त्यावर माफ झाली असती."

डेरेकने तोंड ओंजळीत धरलं. खांदे हलत राहिले.  रोझेटीने एक फोटो पुढे सरकवला. पेट्रोल पंपावर डबा भरणारा माणूस. लाल दाढी, टोपी.

"हा तिथे होता का? बाकीचे म्हणतात, धुरात काही दिसलं नाही. आत शेवटपर्यंत होतास तू. होता म्हणालास, तर तुझी शिक्षा निम्मी होईल."

डेरेकने केनीला लगेच ओळखलं. एकाचा जीव त्याच्या हातून गेलाच होता. ज्याने त्याला जिवंत बाहेर काढलं, त्यालाही आता आत ओढायचं? तोही बिचारा आपल्यासारखाच फसलेला.

"मी एकटाच होतो," तो म्हणाला. "ह्याला मी कधी पाहिलेलं नाही."

"शपथेवर?"

"शपथेवर."

त्याने जबाबावर सही केली.  नऊ दिवसांत पहिल्यांदाच त्याला आपण माणूस असल्यासारखं वाटलं.

रोझेटीने कागद उचलले आणि दाराशी जाऊन ती थांबली.

"काल पकडलंय ह्याला, आता संध्याकाळी सोडावं लागेल. हॅडवेलचे वकील खाली गाडी घेऊन थांबलेच आहेत. सकाळपासून त्यांचं एकच पालुपद : हा आमच्या सुरक्षा विभागाचा साहेब, त्या दिवशी यंग्सटाउनला आलाच नव्हता."