उशिराचं कारण

रोज संध्याकाळी बाबा दोन वर्षांच्या लेकीला चक्कर मारायला न्यायचा आणि दिवेलागण उलटून गेल्यावर उगवायचा. कोपऱ्यावर नवी इमारत उठत होती. तिथे जेसीबी माती उपसताना बघत दोघं कुंपणाशी उभे राहायचे.

"काय करणार, ही हलतच नाही तिथून," बाबा दारातच सांगून टाकायचा. लेक अजून एकेक शब्दच बोलायची. ती "जेशीबी" म्हणून मान डोलवायची.

आज तिचे बूट काढता काढता आईने सहज विचारलं, "पाय दुखत नाहीत का गं तुझे?"

लेकीच्या तोंडून पहिलंवहिलं अख्खं वाक्य बाहेर पडलं. "मी चल चल म्हनते, बाबा येतच नाई."

साक्षीदार फुटलेला पाहून बाबा पाणी प्यायच्या निमित्ताने आत सटकला.

"उद्या मी येते हं सोबत," आई लेकीला म्हणाली. "दोघी मिळून ओढून आणू."